छायाचित्रकार: अज्ञात

कुठल्याही वेबसाइटच्या वरच्या कोपऱ्यात भिंगाचं ते छोटं चित्र दिसलं की अजून माझं डोकं फिरतं. लोकांना ते सोयीचं वाटतं. मी मात्र अशाच एका भिंगाच्या मागच्या बाजूला काही वर्षं नोकरी केली आहे. त्याला काय दिसावं आणि काय दिसू नये हे किती बैठका घेऊन ठरवलं जातं, ते मी जवळून पाहिलं आहे.

नोकरी चेन्नईतली. नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही सोलापूर सोडून इकडे आलो आणि पुढे इथेच रुजलो. मी मराठीची एम.ए., मोडी थोडीफार वाचता येते, आणि घरात रिकामी बसले की चिडचिड करते. जुने कागद आणि फोटो जपणाऱ्या एका विश्वस्त संस्थेला मराठी जाणणारं माणूस हवं होतं. तंजावरच्या मराठी राजांबरोबर जी कुटुंबं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांच्या घरांतून संस्थेकडे पेट्याच्या पेट्या येत होत्या. त्यातल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची, म्हणजे ती उद्या ऑनलाइन शोधता येईल, असं माझं काम होतं.

ऑफिस गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली लेथचा कारखाना. त्यांची मशिनं सुरू झाली की आमची फरशी थरथरायची आणि स्कॅनरमधली प्रतिमा हलायची. म्हणून खालच्या लोकांची जेवणाची सुट्टी झाली की आम्ही धावत सुटायचो, आणि ते जेवून येईपर्यंत जमतील तेवढे फोटो स्कॅन करायचो. आमचं स्वतःचं जेवण मग केव्हातरी, गार झालेलं. पहिल्या वर्षी मला याची गंमत वाटायची. काम मनापासून करत होते, म्हणून वाटायची.

त्या पेट्यांमध्ये एक संग्रह शहरातल्याच तिरुवल्लिक्केणी या जुन्या वस्तीतून आला होता. पत्र्याच्या पेट्या, आत निगेटिव्ह आणि छापलेले फोटो. झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास यायचा. जुनी फिल्म सडायला लागली की तो वास येतो, आणि या गावातल्या दमट हवेत ती फार लवकर सडते. हे फोटो रेल्वेत कारकून असलेल्या एका तंजावरी मराठी गृहस्थांनी काढले होते. त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता. ऑफिस सुटलं की तो गळ्यात अडकवून ते आपल्या लोकांच्या घरी जायचे. मुंजी, बारशी, लग्नं, गच्चीवर वडाम, म्हणजे इकडच्या कुरडया, वाळत घालणाऱ्या बायका, पाटावर बसलेली ताप आलेली मुलगी, दारातली रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून लांब पाय टाकून येणारा पोस्टमन. असे फोटो मी कुठल्याही मोठ्या पुस्तकात पाहिलेले नाहीत. कुणाकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही, आणि फोटोच्या मागे स्टुडिओवाले मारतात तसा शिक्काही कधी मारला नाही.

ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पेट्या त्यांच्या बायकोने दिल्या. ऐंशी ओलांडलेली, एकटी राहणारी, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारी बाई. या गावात अशा वयाच्या बाईला सगळे मामी म्हणतात, मीही म्हणायचे. पेट्या देताना मामींनी एकच अट घातली होती. फोटो तुमच्याकडे राहू देत, लोकांना दाखवा, पण यांचं नाव राहिलं पाहिजे. संस्थेने मान डोलावली होती. मान डोलवायला संस्थेचं काय जात होतं?

आता मूळ गोष्ट सांगते. संग्रह आला की आमची एक सहकारी देणाऱ्याच्या घरी जायची आणि एकेक फोटो दाखवून माहिती घ्यायची. ती इतिहासाची पदवीधर, तमिळ, हुशार आणि कामसू. तिच्या टॅब्लेटवर ठरलेले प्रश्न असायचे. फोटोत कोण आहे, कुठला आहे, केव्हाचा आहे, कुणी काढला. संभाषण तमिळमध्ये चालायचं, रेकॉर्ड व्हायचं आणि उत्तरं तिथल्या तिथे रकान्यात भरली जायची. मामींनी सगळं सांगितलं. कुठल्या गल्लीतलं घर, कोण कुणाची नणंद, कुणाच्या मुंजीत पाऊस पडून मांडव कोसळला, सगळं. मात्र कुणी काढला, या प्रश्नाला प्रत्येक वेळी एकच उत्तर होतं.

"यांनी."

सहकारीने एकदा विचारलं होतं, "यांनी म्हणजे कुणी?" त्यावर मामी हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "यांनी म्हणजे यांनी. आणखी कोण काढणार?" सहकारीला वाटलं, म्हातारीला आठवत नाही. तिने रकान्यात "अज्ञात" निवडलं. तो पर्याय यादीत पहिलाच होता.

काही आठवड्यांनी ते रेकॉर्डिंग ऐकायला माझ्याकडे आलं आणि मी कपाळाला हात लावला. मराठी घरात वाढलेल्या माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला ते ऐकताक्षणी कळलं असतं. मामी नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. लग्न झाल्यापासून घेतलं नव्हतं, ते गेल्यावरही घेतलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या आजीनेही कधी घेतलं नाही. सहकारीच्या आजीनेही घेतलं नसणार, कारण तमिळ घरांतही हीच रीत. पण टॅब्लेट हातात आला की माणूस स्वतःच्या आजीला विसरतं. मी तिला हे बोलून दाखवलं तेव्हा तिला वाईट वाटलं, आणि मला तिला वाईट वाटल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

मी तिरुवल्लिक्केणीला गेले. मामींनी दार उघडलं, माझं मराठी ऐकून त्यांना मौज वाटली. "तुमचें मराठी रेडिओसारिखें," त्या म्हणाल्या. त्यांचं मराठी मला कीर्तनातल्यासारखं वाटत होतं, मधेच तमिळ हेल, मधेच "सरी" म्हणजे बरं, आणि प्रत्येक वाक्य गाठ मारल्यासारखं संपवायचं. कॉफी झाली. मग मी सरळ विचारलं की मामी, नाव काय लिहू?

"मी कशी सांगूं," असं म्हणून त्या लाजल्या. ऐंशीच्या पुढची बाई नवऱ्याच्या नावाने लाजली. मग त्यांनी भिंतीवरच्या एका देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. मी नाव उच्चारलं. त्यांनी मान हलवली, मग सासऱ्यांचं नाव मात्र खणखणीत सांगितलं, म्हणजे इकडे नावाआधी वडिलांच्या नावाचं जे आद्याक्षर लावतात तेही समजलं. मला वाटलं, झालं काम. मी किती भोळी होते हे आठवून आजही माझाच मला राग येतो.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याची जागा दुसरीकडे आहे, आणि ती अजून रिकामी आहे.

ऑफिसात येऊन मी रकाना उघडला, तर तो बंद. "छायाचित्रकार" हा रकाना बदलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. तो संस्थेच्या समितीकडे होता, आणि समिती म्हणजे मुख्यतः संचालकबाई. त्या परदेशात शिकून आलेल्या, सुती साडी, हळू बोलणं. मी त्यांना सगळं समजावलं.

"पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे. बाई स्वतः सांगतायत की नवऱ्याने काढले.

"पण त्यात नाव नाही."

मी म्हटलं, नाव मामींच्या पेन्शनच्या पुस्तकात आहे.

"त्यात ते फोटो काढत होते असं नाही."

मी म्हटलं, मग दोन्ही जोडा. बाई म्हणतात नवऱ्याने काढले, पुस्तक सांगतं नवरा कोण. यात न कळण्यासारखं काय आहे?

"आपल्या सिस्टिममध्ये तशी जोडणी करायची सोय नाही," त्या म्हणाल्या, "आणि देणाऱ्या व्यक्तीचं स्पष्ट विधान लागतं. बोट दाखवणं हे विधान होत नाही." मामींचा बंगळुरूचा एक दूरचा पुतण्या फोनवर सांगायला तयार आहे, असं मी म्हटलं, तर ते ऐकीव ठरलं. मी नाव वर्णनाच्या रकान्यात लिहून टाकलं, कारण तेवढा एकच रकाना माझा होता.

त्याच सुमारास नव्या वेबसाइटच्या बैठका सुरू झाल्या. गिंडीतल्याच एका कंपनीचा डिझायनर यायचा, पडदा लावून आम्हाला रंग दाखवायचा. बोट लावलं की फोटो फुलासारखा उमलायचा. बोटं फाकवली की साडीच्या काठातली जर दिसायची. शहराचा नकाशा, त्यावर लुकलुकणारे ठिपके. संचालकबाई "सुंदर" म्हणायच्या. खरंच सुंदर होतं, नाही कशाला म्हणू.

मी विचारलं की शोधणार कसं. डिझायनरने चौकट दाखवली. शब्द टाकला की ती शीर्षक, ठिकाण, साल, विषय आणि छायाचित्रकार एवढ्या पाच रकान्यांत बघणार. मी विचारलं, वर्णनात का नाही? तो म्हणाला, वर्णनं लांब असतात, शोध मंदावतो, आणि निकाल फार आले की लोक गोंधळतात. शिवाय वर्णन पानावर दाखवलं की फोटोची शोभा जाते, म्हणून पहिल्या टप्प्यात ते फक्त ऑफिसच्या लोकांना दिसेल.

मी तेव्हा बैठकीत आवाज चढवला. आमच्याकडे येणारे लोक काय विचारतात ते मला रोज ऐकू येत होतं. कुणी साल विचारत नाही. "माझ्या आत्याच्या सासरचा वाडीतल्या देवळापाशी काढलेला," असं विचारतात. "अमक्यांच्या थोरल्याच्या मुंजीतला," असं विचारतात. या लोकांत माणूस नात्यातून शोधतात, घरातून शोधतात, आणि फोटो कुणी काढला यावरून तर हमखास शोधतात, कारण त्या सगळ्या घरांत एकच माणूस कॅमेरा घेऊन यायचा. मी घरून एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून नेलं होतं. हा फोटो, हे याचं घर, ही याची कोण, हा काढणारा, ही काढणाऱ्याची बायको, तिने असं सांगितलं. एकावरून दुसऱ्यावर जाता आलं पाहिजे, मग कुणी नाव न घेताही नावापर्यंत पोचेल. मामींनी जसं मला पोचवलं तसं.

डिझायनरने ते चित्र बराच वेळ पाहिलं. तो वाईट मुलगा नव्हता. "हे करता येईल," तो म्हणाला, "पण मग उमलणारे फोटो पुढच्या टप्प्यात जातील."

संचालकबाईंनी माझं कॅलेंडर घडी घालून परत दिलं. नाती पुढच्या टप्प्यात गेली. पुढचा टप्पा ही सरकारी आणि खासगी सगळ्याच ऑफिसांतली एक जागा आहे, तिथे गेलेलं परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

उद्घाटन एका छान सभागृहात झालं. मामींना गाडी पाठवून आणलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्या गर्भरेशमी नऊवार नेसून आल्या होत्या, मी शेजारी बसले होते. त्यांच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या. दिवे मंद झाले आणि पडद्यावर पोस्टमनचा फोटो उमलला. सभागृहात लोकांनी श्वास रोखला. मामींनी माझा हात धरला. "हा यांनी सकाळीं काढला," त्या कानात म्हणाल्या, "कॉफी गार करून काढला."

मग फोटोवर अक्षरं उतरली, आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये. संचालकबाईंनी या संग्रहाचं नावच तसं ठेवलं होतं. मद्रासचा अज्ञात छायाचित्रकार. त्यावर त्या दहाएक मिनिटं बोलल्या. कुणी एक निनावी माणूस, कुठून आला, कुठे गेला, आपल्यामागे फक्त नजर ठेवून गेला. फार गोड बोलल्या. मला हे आधी ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होऊ नये याची काळजी घेतलेली होती.

मामींना इंग्रजी जेमतेम यायचं, तमिळ मात्र त्या आयुष्यभर वाचत आलेल्या. त्यांनी ती ओळ वाचली. परत वाचली. मग माझ्याकडे वळून नेहमीच्याच आवाजात विचारलं,

"नाव ठाऊक नाहीं म्हणे. कुणास ठाऊक नाहीं?"

मागच्या रांगेतल्या दोघांनी ऐकलं आणि ते हसले. त्यांना ते गोड वाटलं. मला तिथून उठून पडदा फाडावासा वाटला, पण मी नोकरी करणारी बाई, बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी संचालकबाईंच्या खोलीत गेले आणि जे बोलायचं ते बोलले. त्या शांत होत्या. नाव सिद्ध झालं तर आम्हाला आनंदच आहे, त्या म्हणाल्या. पण लोकांना गूढ आवडतं. रेल्वेतला कारकून फोटो काढायचा, यात कुणी थांबून बघणार नाही. हे त्या अगदी सहज म्हणाल्या. जिवंत बायको पहिल्या रांगेत बसवून नवऱ्याला गूढ करणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. मी एवढंच म्हटलं की विधान मिळालं तर रकाना भरणार का. "अर्थात," त्या म्हणाल्या.

मी मामींकडे गेले. मी त्यांना नाव घ्या असं म्हटलं नाही. तेवढी लाज मला होती. काय अडलं आहे ते फक्त सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भांडी आवरली, पदर नीट केला.

"मीं तोंडानें म्हटलें तर लिहितील?"

"म्हणालेत तरी तसं."

"सरी," त्या म्हणाल्या. "शुक्रवारीं नको. शनिवारीं या."

शनिवारी सहकारी आणि मी गेलो. सहकारी या वेळी टॅब्लेट पिशवीत ठेवून आत आली, आल्याआल्या मामींच्या पाया पडली. मामी न्हाऊन तयार होत्या, केस ओलेच होते. समई लावलेली होती. सहकारीने रेकॉर्डर पुढे ठेवला, आवाज येतो म्हणून पंखा बंद केला, खिडकी लावली. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तो लांब जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग मामी ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवले, आणि शाळेत हजेरी देतात तसं आद्याक्षरासकट, वडिलांच्या नावासकट, त्यांनी नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं. "हे सारे फोटो त्यांनींच काढिले, मीं पाहिलें अहे," एवढं पुढे जोडलं.

एकदाच म्हणाल्या. परत म्हणा असं सांगायची आमची दोघींची छाती झाली नसती. बोलून झाल्यावर त्यांनी तसबिरीकडे तोंड करून दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या, इथे देवापुढे काही चुकलं की मारून घेतात तशा. सहकारी रडत होती. मला रडू आलं नाही, मला कसलातरी विजय झाल्यासारखं वाटत होतं.

समितीची बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं. निर्णय लेखी आला. विधान स्पष्ट आहे, मात्र ते मृत व्यक्तीच्या पत्नीचं आहे, म्हणजे तिचा यात हितसंबंध आहे. दुसरा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत रकान्यात "अज्ञात" कायम राहील. मी तो कागद वाचला आणि परत वाचला. सगळी दुनिया उलटी करून ठेवायची तर अशी भाषा लागते. आधी बाई नाव सांगत नाही म्हणून पुरावा नाही, आणि आता सांगते तर ती बायको आहे म्हणून पुरावा नाही. आणि स्वतंत्र साक्षीदार आणायचा कुठून? ज्यांच्या मुंजीत ते कॅमेरा घेऊन उभे होते ती मुलं आता म्हातारी झाली, कुणी मुंबईत, कुणी अमेरिकेत. ती वेबसाइटवर येऊन त्यांचं नाव टाकून शोधतील, काही मिळणार नाही, आणि निघून जातील. साक्षीदार येण्याचा रस्ता तेवढा एकच होता.

हे मी संचालकबाईंना सांगायला गेले तेव्हा त्या उत्साहात होत्या. त्यांनी आपला संगणक माझ्याकडे वळवला. पहिल्या पानावर पोस्टमनच्या फोटोच्या जागी आता मामींचा हात होता, मांडीवर ठेवलेला, सुरकुतलेला, समईच्या उजेडात. सहकारीने त्या शनिवारी ऑफिसच्या नियमाप्रमाणे नोंदीसाठी काढलेला. त्याखाली एक गोल बटण. ऐका: साठ वर्षांत पहिल्यांदाच ती पतीचं नाव उच्चारते.

"केवढा प्रतिसाद आहे," त्या म्हणाल्या. "लोकांना अक्षरशः रडू येतंय."

मी विचारलं, त्यांना विचारलंत?

"संमतीपत्रावर सही आहे ना. आवाज, चित्र, सगळं त्यात येतं."

मी बटण दाबलं. पंख्याशिवायची ती शांतता आली, मग मामींचा आवाज. त्यांनी नाव घेतलं, पूर्ण, आद्याक्षरासकट. मग मी तिथेच, त्यांच्या समोर, चौकटीत तेच नाव टाकलं. एकही फोटो आला नाही. खाली एक ओळ आली की शब्द बदलून पुन्हा प्रयत्न करा.

"आवाज शोधात येत नाही," संचालकबाई म्हणाल्या. "पुढच्या टप्प्यात येईल."

मी नोकरी सोडली. फार आवाज केला नाही, फक्त जाताना डिझायनरने मला लिफ्टपर्यंत सोडलं आणि म्हणाला की मॅडम, तुमचं चित्र बरोबर होतं. मी त्याला म्हटलं की ते मला सांगून काय उपयोग. त्याची चूक नव्हती, पण समोर तोच होता.

खरी भीती मला मामींकडे जायची वाटत होती. बरेच दिवस टाळलं. मग एका दुपारी गेलेच. त्यांनी कॉफी केली, समोर बसल्या, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"आलें का नाव?"

मी फोन काढला. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी नाव टाकत असताना त्या एकेक अक्षर उमटताना बघत होत्या, तोंडाने मात्र काही बोलत नव्हत्या. काहीच आलं नाही. त्यांनी मला परत टाकायला लावलं. माझं काही चुकलं असेल असं त्यांना वाटलं. परत टाकलं. परत काही नाही.

मग पहिलं पान त्यांना दिसलं, त्यांचा स्वतःचा हात. त्यांनी तो ओळखला, आणि त्याखालचं बटण माझ्या आधी त्यांनीच दाबलं. खोलीत त्यांचा आवाज आला. त्यांनी नवऱ्याचं नाव ऐकलं, स्वतःच्या तोंडचं. त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला.

"हें कोण कोण ऐकतें?" त्यांनी विचारलं.

"कुणीही. ज्याला वाटेल तो."

"आणि यांचें नाव घालून शोधिलें तर यांचे फोटो मिळत नाहींत."

"नाही मिळत, मामी."

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तें काढायास सांगा." मी म्हटलं, सांगितलं, ते काढत नाहीत, तुमची सही आहे. त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला आणि घडी करून डबीत ठेवला.

"मग मीं उगीच बोललें," त्या म्हणाल्या.